पत्ता आधी, पान मग

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत राहणाऱ्याचा पत्ता एका दमात सांगून होतो. एन-७, घराचा आकडा, संपलं, रिक्षा दारात. जुन्या शहरातला पत्ता असा उरकत नाही. गुलमंडीवर उतरा, इमरतीच्या दुकानाशेजारच्या बोळात शिरा, पुढे कुणालाही आमचं नाव विचारा. माणसांचं दोन्हींवर भागतं. ब्राउझरचं मात्र सिडकोछाप पत्त्यावरच भागतं, आणि आपण बनवलेली बरीचशी वेब ॲप्स त्याला गुलमंडीछाप पत्ता देऊन मोकळी होतात: मुखपृष्ठावर या, तिथून विचारत विचारत पुढे जा.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोन मुलींनी वेरूळ, अजिंठा आणि शहरातले दरवाजे यांची एक मार्गदर्शिका केली होती. सगळं एकाच पानात. लेण्याच्या नावावर बोट टेकलं की मजकूर झटकन बदलायचा, मध्ये पांढरा पडदा नाही, चाक फिरणं नाही. दिसायला झकास. एकीने कैलास लेणं उघडून त्याची लिंक मामाला पाठवली. मामाच्या फोनवर उघडलं मुखपृष्ठ. त्यांनी इकडेतिकडे करून कसंबसं दरवाज्यांचं पान गाठलं, तिथून मागे यायला बॅक दाबलं, तर साइटच बंद. "अगं, यात कैलास कुठंय?" हा त्यांचा फोन. पडद्यावरचा मजकूर बदलत होता, पण वरच्या पट्टीतला पत्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच होता. म्हणजे आख्ख्या साइटला एकच दार, आणि तेही बावन्न दरवाज्यांचं म्हणवणाऱ्या शहरात.

यावरचा इलाज म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारा छोटा राउटर. तो कसा बसवायचा, याची ही कृती. उदाहरण त्याच मार्गदर्शिकेचं घेतलंय.

काय काय लागेल

साधं एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट लिहिता येणं, एक एडिटर, घरच्या मशीनवर चालणारा छोटा सर्व्हर, आणि एक राउटर. फाइलवर दोनदा क्लिक करून पान उघडायची सवय असेल तर ती इथे सोडावी लागेल. तसं उघडलेल्या पानाला स्वतःचा धड पत्ता नसतो, मग राउटर बदलणार तरी काय?

राउटर म्हणून मी इथे पेज.जेएस घेतोय. एक्स्प्रेस हे नोडचं फ्रेमवर्क लिहिणाऱ्या टीजे होलोवायचक यांनीच तो एक्स्प्रेसच्या धर्तीवर लिहिला. स्वतःची ओळख तो 'जेमतेम बाराशे बाइट' अशी करून देतो. नमुने जुळवणारा कोड धरला तर आज तो त्याहून जास्त भरतो, पण काही किलोबाइटमध्ये काम होतं. गेल्या काही वर्षांत त्यात फारशी हालचाल नाही, हेही सांगून ठेवतो. मला त्याचा त्रास झालेला नाही. तुम्ही रिॲक्ट किंवा प्रिॲक्टवर असाल तर वाउटर बघा, कोणतंच फ्रेमवर्क नको असेल तर नेविगोही आहे. पुढच्या पायऱ्या थोड्याफार फरकाने तिन्हींना लागू पडतात.

मोठं फ्रेमवर्क त्याच्या राउटरसकट का नाही घेतलं? पाच-सहा प्रकारच्या पानांसाठी ते आणणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं. आणि डोंगर पोखरायचाच तर वेरूळसारखा पोखरावा. शिवाय वेरूळच्या बसाल्टात आत शिरलं की माझ्या फोनचं नेटवर्क आचके देतं. तिथे प्रत्येक किलोबाइट वाट बघायला लावतो.

पहिली पायरी: कागद

कोड लिहू नका. कागद घ्या आणि साइटवर लोकांना कुठे कुठे थेट पोचायचं असेल ते पत्ते लिहा. आमचा कागद असा झाला:

/
/दरवाजे
/दरवाजे/नकाशा
/दरवाजे/:नाव
/वेरूळ
/वेरूळ/पायऱ्या
/वेरूळ/लेणे/:क्रमांक
/अजिंठा/लेणे/:क्रमांक
/सहल

कोलन लावलेला शब्द म्हणजे बदलता भाग. भडकल, दिल्ली, पैठण, मकाई, रोशन, कटकट या सगळ्या दरवाज्यांसाठी वेगळी ओळ लिहायची नाही. ':नाव' या एका ओळीत सगळे मावतात.

कोणती गोष्ट पत्त्यात घालायची आणि कोणती नाही? माझी कसोटी सोपी आहे: ती दुसऱ्याला पाठवावीशी वाटेल का? कैलास लेणं वाटेल. सहलीच्या पानावर 'मंगळवार' निवडल्यावर येणारी यादी वाटेल, कारण मंगळवारी वेरूळ बंद असतं आणि सोमवारी अजिंठा. आपल्या गटाला हे कळवायचंच असतं. म्हणून '/सहल' पुढे प्रश्नचिन्ह टाकून दिवस पत्त्यातच ठेवला. फोटोची छोटी खिडकी उघडी आहे की मिटलेली, हे पाठवण्यासारखं नाही, ते पत्त्याबाहेर राहू द्या. नवशिके याच्या नेमकं उलट करतात: खिडकी पत्त्यात आणि दिवस कुठल्यातरी व्हेरिएबलमध्ये.

आता मराठीचा प्रश्न. पत्ते देवनागरीत ठेवावेत का? पट्टीत '/वेरूळ' वाचायला गोड वाटतं. पण जाळ्यावरून जाताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट तीन अक्षरांत लिहिला जातो. 'वेरूळ' मध्ये व, मात्रा, र, उकार, ळ अशी पाच चिन्हं; म्हणजे पंचेचाळीस अक्षरं. 'छत्रपती-संभाजीनगर' कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकलंत तर मधल्या रेघेसकट १४५ अक्षरांची आगगाडी निघते. क्यूआर कोडमध्ये घातलंत तर त्यातले ठिपके इतके दाट होतात की स्टिकरवर थोडा ओरखडा पडला तरी फोन ते वाचायला कुरकुरतो.

आम्ही मधला मार्ग काढला. खरे पत्ते देवनागरीत, आणि छापायच्या वस्तूंसाठी प्रत्येक महत्त्वाच्या पानाला रोमन लिपीतलं तीन-चार अक्षरी टोपणनाव. टोपणनावावरून आलेला माणूस खऱ्या पत्त्यावर पोचवायचा. कसा, ते पुढे येईल.

दुसरी पायरी: राउटर पानात आणणं

एकच मुख्य एचटीएमएल फाइल ठेवा. तिच्यात वर शीर्षपट्टी आणि मेनू, मध्ये एक रिकामा मुख्य भाग, खाली तळपट्टी. मेनू आणि तळपट्टी कायम राहणार. राउटर मधला भाग तेवढा बदलणार. पेज.जेएसची फाइल आपल्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि स्क्रिप्ट म्हणून जोडा, मागोमाग आपली फाइल.

इथे एक बारीक चूक हमखास होते. स्टाइलशीट, चित्रं, स्क्रिप्ट यांचे मार्ग मुळापासून लिहा, म्हणजे सुरुवातीला तिरकी रेघ द्या. 'शेजारच्या फोल्डरातलं' अशा सापेक्ष पद्धतीने लिहिलेत तर मुखपृष्ठ ठीक चालतं. पण '/वेरूळ/लेणे/१६' वर कुणी थेट आलं की ब्राउझर तुमची स्क्रिप्ट '/वेरूळ/लेणे/' च्या आत शोधतो. तिथे ती नसते. सर्व्हर तिच्या जागी मुख्य पानच पाठवून देतो (का, ते सहाव्या पायरीत), आणि कन्सोलमध्ये 'अनपेक्षित टोकदार कंस' अशा अर्थाची विचित्र तक्रार उमटते. ती दिसली की जावास्क्रिप्ट तपासत बसू नका, मार्ग तपासा.

तिसरी पायरी: ओळी आणि त्यांचा क्रम

आता कागदावरची प्रत्येक ओळ कोडमध्ये. पेज नावाच्या फंक्शनला दोन गोष्टी द्यायच्या: पत्त्याचा नमुना, आणि तो जुळला की चालवायचं आपलं फंक्शन. सगळ्या ओळी झाल्या की शेवटी तेच फंक्शन रिकाम्या कंसांनी एकदा बोलवायचं. त्याक्षणी राउटर सुरू होतो, आत्ताचा पत्ता बघतो आणि योग्य फंक्शन चालवतो. हे शेवटचं बोलावणं विसरलं की काहीच होत नाही, चूकही दिसत नाही. वर्गात दर वेळी निम्मी मुलं इथेच अडकतात.

आपल्या फंक्शनला दोन पाहुणे मिळतात. पहिला म्हणजे संदर्भ: त्यात पत्ता, बदलत्या भागांची मूल्यं, प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर हे सगळं. दुसरा 'नेक्स्ट': तो बोलावला की राउटर याच पत्त्याला जुळणारा पुढचा नमुना शोधतो. प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर पेज.जेएस सोडवून देत नाही, जसाच्या तसा हाती देतो. तो ब्राउझरच्या तयार यूआरएल-सर्च-पॅरम्सला द्या.

क्रम महत्त्वाचा, कारण राउटर वरून खाली बघत येतो. ':नाव' ची ओळ 'नकाशा'च्या आधी लिहिलीत तर '/दरवाजे/नकाशा' वर तुमची साइट मोठ्या इमानदारीने सांगेल की नकाशा नावाचा दरवाजा सापडला नाही. ठरलेले शब्द वर, बदलते खाली, आणि 'काहीही चालेल' वाला तारा सगळ्यात शेवटी. त्या ताऱ्यावर 'असं पान नाही' हा मजकूर आणि मुखपृष्ठाची लिंक द्या. तारा वर घालायचाच असेल, म्हणजे प्रत्येक पानाआधी काही सामाईक काम करायचं असेल, तर त्यात 'नेक्स्ट' बोलवायला विसरू नका. नाहीतर तो पहिल्याच वेशीवर सगळ्यांना अडवून बसतो.

आणि मराठी लिहिणाऱ्यांसाठी खास: नमुन्यात देवनागरी शब्द चालतात, पेज.जेएस जुळवण्याआधी टक्क्यांची भाषा उलगडून घेतो. पण कोलननंतरचं नाव रोमन अक्षरांतच हवं. वर ':क्रमांक' मी वाचण्यासाठी लिहिलंय, कोडमध्ये तसं टाकलंत तर चालणार नाही. नमुना ओळखणारा कोड तिथे रोमन अक्षरं, आकडे आणि खालची रेघ एवढंच नाव म्हणून धरतो. फंक्शनचं नाव मात्र 'लेणेदाखवा' असं खुशाल देवनागरीत ठेवा, जावास्क्रिप्टची त्याला हरकत नसते.

चौथी पायरी: आलेला आकडा तपासून घेणं

वेरूळला ३४ लेणी. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, कैलास सोळावं. तेव्हा ':क्रमांक' मध्ये आलेलं मूल्य १ ते ३४ मध्ये आहे का हे बघायचं, नसेल तर 'नेक्स्ट' बोलवून ताऱ्याकडे सोपवायचं. '/वेरूळ/लेणे/९९' वर अर्धवट रिकामं पान दाखवण्यापेक्षा 'असं पान नाही' म्हणणं बरं.

मुलींनी नमुन्यातच 'फक्त आकडे' अशी अट घातली होती. वेरूळला ती चालली. अजिंठ्याला फसली. तिथल्या क्रमांकांत २९ पर्यंत आकडे आहेत, पण लेणी धरतात तीस, कारण मध्ये एक '१५-अ' आहे. क्रमांक देऊन झाल्यावर ते सापडलं आणि मधल्या जागेत बसवावं लागलं. डेटाबेस करणाऱ्यांनी हे लेणं एकदा जाऊन बघावं. 'क्रमांक म्हणजे संख्या' हा भ्रम जागेवर फिटतो. अजिंठ्याचा ':क्रमांक' अक्षरांची माळ म्हणून घ्या आणि आपल्याकडच्या यादीत आहे का एवढंच बघा. मी तर म्हणेन वेरूळलाही तेच करा.

दुसरा सापळा अंकांचा. कुणी मराठी कीबोर्डवरून १६ टाकलं तर जावास्क्रिप्टला ती संख्या वाटतच नाही. संख्येत बदलायला सांगितलं तर उत्तर 'संख्या नाही' असं येतं, आणि नमुन्यातली 'कोणताही अंक' ही खूणही फक्त इंग्रजी अंकांना ओळखते. म्हणून तपासण्याआधी शून्य ते नऊ हे दहा देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलणारं चार ओळींचं फंक्शन लिहून टाका. अजिंठ्यासाठी '१५अ', '१५-अ' आणि रोमन 'ए' लावलेलं रूप, तिन्ही एकाच लेण्यावर गेली पाहिजेत.

तिसरा सापळा शुद्धलेखनाचा, आणि हा इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. निम्मे लोक 'वेरूळ' लिहितात, निम्मे 'वेरुळ'. पाणचक्कीचंही तसंच, पानचक्की आणि पनचक्की दोन्ही सर्रास. 'पायऱ्या' तर दिसायला एक आणि आत वेगवेगळं: काही कीबोर्ड त्यातला ऱ एकच चिन्ह म्हणून देतात, काही र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं, काही अर्ध्या र नंतर न दिसणारा जोडक घालतात. डोळ्याला तिन्ही सारखेच. राउटरला तीन निरनिराळे शब्द. पत्ता घेतल्यावर आधी जावास्क्रिप्टचं 'नॉर्मलाइझ' चालवा, त्याने नुक्त्याचं प्रकरण मिटतं. जोडकाला ते हात लावत नाही, म्हणून अर्धा र, जोडक आणि य यांची जोडी हुडकून तिचा ऱ्य स्वतः करून घ्या. ऱ्हस्व-दीर्घाला यंत्राकडे उत्तर नाही. तिथे 'वेरुळ' अशी वेगळी ओळ लिहून 'वेरूळ'कडे पाठवायचं. व्याकरणाची शिस्त लावायची जागा ही नव्हे. पाहुणा दारात आलाय, आत घ्या.

पाचवी पायरी: लिंका खऱ्या असू द्या

पेज.जेएस पानावरच्या सगळ्या क्लिकवर कान ठेवून असतो. साध्या अँकर टॅगवर क्लिक झालं की तो ब्राउझरला थांबवतो, इतिहासात नवा पत्ता ढकलतो आणि आपलं फंक्शन चालवतो. पान सर्व्हरकडे न जाता पत्ता बदलायची ही सोय ब्राउझरांत २०१० च्या सुमारास आली. त्याआधी हे सगळं पत्त्यातल्या हॅशच्या खुणेवर भागवायचे. बॅक दाबलं की ब्राउझर राउटरला कळवतो, तो जुना पत्ता पुन्हा जुळवतो. मामांची तक्रार एवढ्यावर मिटते.

म्हणून मेनूतली प्रत्येक गोष्ट अँकर टॅगच असावी, त्यात खरा पत्ता असावा. डिव्हला क्लिक चिकटवून केलेली 'लिंक' दाबून धरली तर नव्या टॅबमध्ये उघडत नाही, कॉपी होत नाही, आणि पडदावाचक वापरणाऱ्या अंध माणसाला ती लिंक आहे हेच कळत नाही.

कंट्रोल किंवा शिफ्ट धरून केलेली क्लिक, दुसऱ्या साइटची लिंक, टार्गेट दिलेली लिंक या सगळ्यांना पेज.जेएस आपणहून वाट देतो. तुमच्याच साइटवरच्या पीडीएफला मात्र तो अडवतो, कारण त्याच्या लेखी तोही एक पत्ताच. नकाशाची पीडीएफ उघडायला जावं आणि 'असं पान नाही' यावं, हे त्यामुळे. अशा लिंकला डाउनलोड किंवा 'रेल' मध्ये 'एक्स्टर्नल' द्या.

सहावी पायरी: सर्व्हरला सांगून ठेवा

सगळं चालतंय असं वाटतं आणि कुणीतरी '/वेरूळ/लेणे/१६' वर असताना रिफ्रेश करतं. चारशे चार. कारण रिफ्रेश म्हणजे सर्व्हरला थेट विचारणं, आणि सर्व्हरवर त्या नावाची फाइलच नाही. राउटर जागा होण्याआधीच खेळ संपला.

सर्व्हरला एक नियम द्यायचा: मागितलेली फाइल खरोखर असेल तर ती दे, नसेल तर मुख्य एचटीएमएल दे. एन्जिन-एक्समध्ये 'ट्राय फाइल्स' ची एक ओळ यासाठी पुरते. घरी सरावासाठी नोडचं 'सर्व्ह' हे पॅकेज 'सिंगल'चा पर्याय लावून चालवा, तेही हेच करतं. पायथनचा घरगुती सर्व्हर करत नाही, म्हणून त्यावर चाचणी घेऊ नका. गिटहब पेजेससारख्या फुकट जागेवर असा नियम देता येत नाही. तिथे मुख्य पानाचीच प्रत चारशे-चारच्या पानाच्या नावाने ठेवायची युक्ती चालते, पण उत्तरासोबत चारशे चारचा शिक्का जातोच. ते नको असेल तर पेज.जेएस सुरू करताना हॅशबँगचा पर्याय चालू करा. पत्त्यात हॅश आणि उद्गारचिन्ह येतं, दिसायला कुरूप, पण हॅशनंतरचा भाग सर्व्हरकडे जातच नसल्यामुळे काही सांगावं लागत नाही.

साइट उपफोल्डरमध्ये असेल तर 'बेस' ठरवायला विसरू नका.

सातवी पायरी: पान बदललं हे सगळ्यांना कळू द्या

खरं पान बदलतं तेव्हा ब्राउझर बरीच कामं न सांगता करतो. आपण त्याला बाजूला सारलं, म्हणजे ती आपल्या गळ्यात आली. प्रत्येक फंक्शनमध्ये टॅबचं शीर्षक बदला, नाहीतर इतिहासात एकाच नावाच्या वीस ओळी दिसतात. नव्या मजकुराच्या मथळ्याला टॅब-इंडेक्स वजा एक देऊन फोकस तिथे न्या, म्हणजे पडदावाचक नवं पान वाचायला लागेल. नव्या पानावर वर सरका. पण बॅकने परत आल्यावर माणूस यादीत जिथे होता तिथेच सापडला पाहिजे. ३४ लेण्यांच्या यादीत ३१ वर जाऊन परत आल्यावर पुन्हा पहिल्या लेण्यापासून सरकवत बसायला लावणं हा छळ आहे.

हळू नेटवर्कवर आणखी एक गंमत होते. माणसाने १६ वर बोट लावलं, उत्तर येईना, म्हणून १० वर लावलं. १० चं आधी आलं, दाखवलं. मग रखडलेलं १६ चं आलं आणि त्यानेही स्वतःला दाखवून घेतलं. पट्टीत १०, पडद्यावर कैलास. उपाय: उत्तर आल्यावर पडद्यावर टाकण्याआधी आत्ताचा पत्ता तोच आहे का ते विचारा, नसेल तर उत्तर टाकून द्या. किंवा जुनी मागणी अबॉर्ट-कंट्रोलरने रद्द करा. शिवाय एकदा आलेला मजकूर संदर्भाच्या 'स्टेट' मध्ये ठेवून 'सेव्ह' केलात, तर बॅकवर तो पुन्हा मागवावा लागत नाही. लेण्यांच्या आवारात ही एक ओळ सोन्याची.

निघतानाची कामं 'पेज.एक्झिट' मध्ये. आमच्याकडे प्रत्येक लेण्याला बोलकी माहिती होती. लेणं बदललं तरी आधीचा आवाज सुरूच राहायचा आणि दोन निवेदक एकमेकांवर ओरडायचे. एक्झिटमध्ये आवाज बंद केला. इथेही 'नेक्स्ट' बोलवा, नाहीतर माणूस त्या लेण्यातून बाहेरच पडू शकत नाही.

आठवी पायरी: जुनी नावं

ही पायरी मी शेवटी ठेवली, पण वेळ सगळ्यात जास्त हिलाच द्या. या गावाला त्याची गरज कुणी समजावून सांगायला नको. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं तेव्हा खडकी, त्याच्या मुलाच्या काळात फत्तेनगर, मग औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. विद्यापीठाचं नाव १९९४ मध्ये बदललं, रेल्वे स्थानकाचं २०२५ मध्ये, संकेतांकासकट. नावं बदलतात, छापलेली पत्रकं, चिकटवलेले स्टिकर, कुणाच्या तरी जुन्या चॅटमधली लिंक तशीच राहते.

मार्गदर्शिकेच्या पहिल्या रूपात सगळे पत्ते '/औरंगाबाद/' ने सुरू होत होते. नव्या रूपात आम्ही शहराचं नाव पत्त्यातून काढूनच टाकलं. बदलू शकणारी गोष्ट पत्त्यात कशाला? पण जुने पत्ते मारले नाहीत. पेज.जेएसमध्ये 'रिडायरेक्ट'ला जुना आणि नवा असे दोन पत्ते दिले की जुन्यावर आलेला नव्यावर जातो, आणि इतिहासात जुन्याच्या जागी नवा लिहिला जातो. त्यामुळे बॅक दाबल्यावर माणूस दोन पत्त्यांच्या मध्ये हेलपाटे घालत नाही. 'वेरुळ' ते 'वेरूळ', रोमन टोपणनाव ते देवनागरी पत्ता, 'भडकल-गेट' ते 'भडकल' हे सगळं याच दारातून.

बदलता भाग असेल तर मात्र हे दोन पत्त्यांचं रूप पुरत नाही, कारण दुसरा पत्ता तो जसाच्या तसा घेतो, त्यात क्रमांक भरत नाही. '/औरंगाबाद/वेरूळ/लेणे/:क्रमांक' साठी वेगळी ओळ लिहा, आतमध्ये क्रमांक काढून नवा पत्ता स्वतः जोडा आणि रिडायरेक्टला तो एकच द्या. आळस करून सगळे जुने पत्ते मुखपृष्ठावर पाठवणाऱ्या साइट तुम्ही पाहिल्या असतील. सोळाव्या लेण्याची लिंक घेऊन आलेल्याला मुखपृष्ठावर सोडणं म्हणजे पैठण गेटला जायचंय म्हणणाऱ्या प्रवाशाला चिकलठाण्याला उतरवणं.

हे सगळं ब्राउझरमध्ये घडतं, हेही ध्यानात ठेवा. सर्व्हरच्या बाजूने बघितलं तर जुन्या पत्त्यालाही 'ठीक आहे' असंच उत्तर जातं. शोधयंत्रांनी जुनं विसरून नवं धरावं असं वाटत असेल तर कायमचं स्थलांतर सांगणारा तीनशे एकचा नियम सर्व्हरवरच लिहावा लागतो. दोन्ही ठिकाणी लिहा, फार काम नाही.

छापायच्या आधी

चाचणीची यादी फोनच्या नोट्समध्ये ठेवा, टेबलावर बसून घेऊ नका. कागदावरचा प्रत्येक पत्ता नव्या टॅबमध्ये थेट उघडा, तिथेच रिफ्रेश करा. यादीतून लेण्यात जा, बॅक, फॉरवर्ड, पुन्हा बॅक. लिंक व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून तिथून उघडा. १५-अ तिन्ही रूपांत टाका. मराठी अंकांत १६ टाका. वेरुळ ऱ्हस्व टाका. जुनी '/औरंगाबाद/' ची लिंक एकदा साधी, एकदा क्रमांकासकट. नेटवर्क मुद्दाम मंद करून लागोपाठ दोन लेण्यांवर बोट लावा. मग एकच स्टिकर छापून, पिशवीत चार दिवस घासू देऊन स्कॅन करा.

शेवटची फेरी प्रत्यक्ष वेरूळला. शहरापासून तीसेक किलोमीटर आहे, सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला परत. फक्त मंगळवार टाळा. आम्ही मंगळवारीच गेलो होतो. दिवस दाखवणारं '/सहल' हे पान तेव्हा लिहून व्हायचं होतं.